पुण्यात बनलेल्या गेमचा निकाल कोण लावतो?

२०२०च्या पावसाळ्यात पुण्यात बनलेल्या दोन गेमचा निकाल लागला. दोन्ही निकाल पुण्याबाहेर लागले.

पहिला गेम म्हणजे ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’. १८ ऑगस्टला तो निन्टेंडो स्विचवर आला आणि १५ ऑक्टोबरला कम्प्युटर व बाकीच्या कन्सोलवर. नॉडिंग हेड्स गेम्स हा त्यामागचा पुण्यातला छोटा स्टुडिओ. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड या तिघांनी तो उभा केला. २०१७मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागून पाहिली, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तेव्हा संस्थापकांपैकी एकाने फ्लॅट विकला आणि काम चालू ठेवलं.

दुसरा गेम खरं तर गेम नव्हताच, नुसता ट्रेलर होता. १० सप्टेंबरला युबिसॉफ्टने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सॅंड्स ऑफ टाइम’ या २००३च्या गाजलेल्या गेमची नवी आवृत्ती जाहीर केली. ती कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंमध्ये बनत होती आणि २१ जानेवारी २०२१ला येणार होती. काही मिनिटांचा ट्रेलर पाहून जगभरच्या लोकांनी ठरवलं की चित्रं जुनाट दिसतात. तारीख पुढे ढकलली, पुन्हा ढकलली आणि २०२२च्या मे महिन्यात काम मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं.

एकीकडे बडी कंपनी, दुसरीकडे फ्लॅट विकून चाललेला स्टुडिओ. तरी दोघांचं भवितव्य एकाच गोष्टीवर टांगलेलं होतं : दूर कुठेतरी बसलेला कोणी स्क्रीनकडे बघून काय म्हणतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, नारायण पेठेत राहतो आणि गेम खेळतो. त्यामुळे मला प्रश्न पडतो, की गेमबद्दल निकाल द्यायची ही पद्धत आली कुठून? आणि आपल्या गावात बनलेल्या गेमबद्दल आपल्या भाषेत आपण नक्की काय म्हणालो?

नाण्यापासून आकड्यापर्यंत

गेमचा पहिला समीक्षक म्हणजे नाणं. १९७२मध्ये अटारीने ‘पाँग’चं पहिलं मशीन कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या एका बारमध्ये ठेवलं. थोड्याच दिवसांत मशीन बंद पडल्याची तक्रार आली. ते बनवणारे इंजिनियर ॲल अल्कॉर्न दुरुस्तीला गेले, तर मशीन धडधाकट होतं. नाण्यांचा डबा काठोकाठ भरला होता, एवढंच. याहून स्पष्ट परीक्षण कोण लिहिणार?

लिहिलेली परीक्षणं त्यानंतर आली. १९७९मध्ये ‘व्हिडिओ’ या अमेरिकन मासिकात बिल कंकेल आणि आर्नी कॅट्झ यांनी ‘आर्केड ॲली’ नावाचं सदर सुरू केलं. पुढे १९८१मध्ये त्यांनीच जॉइस वर्लीसोबत ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हे मासिक काढलं. ब्रिटनमधलं ‘क्रॅश’ १९८४पासून टक्के देऊ लागलं. जपानच्या ‘फॅमित्सू’त चार जण प्रत्येकी दहापैकी गुण देत आणि बेरीज चाळीसपैकी व्हायची. चाळीसपैकी चाळीस पहिल्यांदा मिळायला १९९८ उजाडलं. तो गेम होता ‘झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’.

२००१मध्ये मेटाक्रिटिक आलं आणि सगळ्यांच्या गुणांची सरासरी एका चौकोनात दिसू लागली. वाचकाची सोय झाली, बनवणाऱ्यांचा जीव मात्र त्या चौकोनात अडकला. २०१०च्या ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’चं उदाहरण प्रसिद्ध आहे. ऑब्सिडियन या स्टुडिओला बोनस मिळण्यासाठी मेटाक्रिटिकवर ८५ हवे होते, मिळाले ८४. एका गुणासाठी बोनस गेला.

छोट्या स्टुडिओंना हे जास्त बोचतं. त्यांच्याकडे जाहिरातीचे पैसे नसतात, त्यामुळे परीक्षण हीच जाहिरात. २००८मध्ये ‘ब्रेड’ आणि ‘वर्ल्ड ऑफ गू’ हे मूठभर माणसांनी बनवलेले कोड्यांचे गेम जगभर पोचले, त्यात समीक्षकांचा वाटा मोठा होता. आता स्टीमवर खेळणारा प्रत्येक जण अंगठा वर किंवा खाली करतो. तिथे घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर गेम परत करता येतो. पाच-सहा तासांत संपणाऱ्या गेमने पहिल्या दोन तासांतच गिऱ्हाईक बांधून ठेवायचं असतं.

मुस्तफा नावाचा निकाल

आपल्याकडे निकाल द्यायची पद्धत नव्हती असं नाही. ती लिहिलेली नव्हती, इतकंच. कॅपकॉमने १९९३मध्ये ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा आर्केड गेम काढला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या कॉमिकवरून तो बेतला होता. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये त्याला या नावाने कोणी ओळखत नाही. तो ‘मुस्तफा’. जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस अशा चार पात्रांपैकी मुस्तफा सगळ्यात चपळ. पोरांनी ते हेरलं आणि गेमचं नावच बदलून टाकलं.

माझ्या मते हे अव्वल दर्जाचं परीक्षण आहे. गेममधलं सगळ्यात चांगलं काय, याचं उत्तर एका शब्दात. पुणेरी पाटीइतकं नेमकं. पण पाटीची मर्यादा त्यालाही आहे : निकाल कळतो, कारण कळत नाही. मुस्तफाची उडी मारत घातलेली लाथ हाताला इतकी बरी का वाटते, हे पार्लरमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. लिहून कोणी ठेवलं नाही.

नंतर ‘डिजिट’ आणि ‘स्कोअर’सारखी मासिकं आली, पण ती इंग्रजीत. मराठीत माझ्या वाचनात गेमबद्दल दोनच प्रकारचे मजकूर आले. एक, मुलं बिघडली. दोन, आपल्या पोरांनी झेंडा रोवला. दोन्ही मजकूर गेम न खेळता लिहिता येतात. त्यामुळे मुंबईच्या यलो मंकी स्टुडिओजने २०१२मध्ये काढलेलं ‘ह्युब्रिक्स’, म्हणजे रंगीत वाटांनी चौकटी भरायचं कोडं, सोपं कुठे आहे आणि छळतं कुठे, यावर मराठीत वाद झाला नाही. गोव्याच्या फ्रॉस्टवुड इंटरॲक्टिव्हचा ‘फरगॉटन फील्ड्स’ २०२१मध्ये आला. त्यात एक लेखक लहानपणीचं घर विकलं जाण्याआधी शेवटचं तिथे जातो. वडिलोपार्जित घर विकणं हा मराठी कादंबरीचा हुकमी विषय आहे. तरी त्या गेमची आणि आपल्या कादंबरीची गाठ घालून द्यायला मधे कोणी नव्हतं.

केळकर रस्ता

मी राहतो त्या भागातून न. चिं. केळकर रस्ता जातो. त्याच रस्त्यावर केसरीवाडा आहे. टिळकांनी १९०५मध्ये घेतलेला हा जुना गायकवाड वाडा. केळकर ‘केसरी’चे संपादक होते हे अनेकांना माहीत असतं. रस्त्यावरून अभ्यासिकेत जाणाऱ्या आणि रात्री चहाच्या टपरीवर फोन आडवा धरून खेळणाऱ्या माझ्या पिढीला दुसरी गोष्ट सांगायला हवी. हा माणूस समीक्षक होता, आणि लोक ज्याला किरकोळ समजतात त्याचा गंभीरपणे विचार करणारा होता. विनोदाने हसू का येतं, यावर त्यांनी ‘हास्यविनोदमीमांसा’ (१९३७) हा ग्रंथ लिहिला.

१९२१च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून त्यांनी आणखी एक कल्पना मांडली : सविकल्प समाधी. वाचताना आपण पात्राशी एकरूप होतो, पण स्वतःला विसरत नाही. एकाच वेळी आपण ते असतो आणि आपणही असतो. वाङ्मयाचा आनंद या दुहेरीपणातून येतो, असं त्यांचं म्हणणं.

आता हातात कंट्रोलर धरा. पात्र दरीत पडलं की आपण काय म्हणतो? ‘मी मेलो.’ हे म्हणणारा माणूस जिवंत असतो आणि पुन्हा बटण दाबतो. केळकरांनी व्हिडिओ गेम पाहिला नव्हता, १९४७मध्येच ते गेले. पण गेमचं परीक्षण करायला लागणारी पहिली मोजपट्टी त्यांनी देऊन ठेवली आहे : ही समाधी कुठे लागते आणि कुठे मोडते?

ती लावून मी ‘राजी’ पुन्हा खेळलो.

राजी ही सर्कशीत काम करणारी मुलगी. असुर मुलांना पळवून नेतात, त्यात तिचा भाऊ गोलूही असतो. दुर्गा तिला शस्त्र देते आणि ती त्याच्या शोधात निघते. भिंतीवर धावणं, खांबाभोवती गिरकी घेऊन वार करणं, या सर्कशीतल्या कसरतीच तिचं बळ आहेत. तिथे समाधी लागते, कारण तिचं अंग आणि माझी बोटं एकच गोष्ट करतात. बाहुल्यांच्या सावल्यांतून उलगडणारी कथा आणि भिंतींवरची चित्रं बघायला मी थांबून राहिलो. तिथेही लागते.

मोडते ती मारामारीत. वार कधी लागला, कधी हुकला, हे हाताला कळत नाही. कॅमेरा वास्तूची भव्यता दाखवायला इतका मागे जातो की राजी नखाएवढी उरते आणि उडी अंदाजाने मारावी लागते. आणि कथा रंगात आली असताना गेम अचानक संपतो.

यातलं बरंचसं परदेशी समीक्षकांनीही लिहिलं होतं : रूप आणि संगीताचं कौतुक, मारामारी आणि शेवटाबद्दल नाराजी. द गेम अवॉर्ड्समध्ये २०२०च्या सर्वोत्तम पदार्पणासाठी ‘राजी’ला नामांकन मिळालं, पुरस्कार ‘फॅस्मोफोबिया’ने नेला. पण काही गोष्टी त्यांना दिसणं शक्य नव्हतं. दुर्गा आणि विष्णू वाटेत पुराणकथा समजावून सांगतात. त्यांना ते नवं ज्ञान वाटलं, मला मात्र कोणीतरी मला माझ्याच आजीची ओळख करून देतंय असं झालं. दुर्गा इंग्रजीत बोलते तेव्हा माझी समाधी मोडते, त्यांची मोडत नाही. आणि भारतीय सर्कस सुरू करणारे विष्णुपंत छत्रे हे सांगलीकडचे, १८८०मध्ये त्यांनी खेळ सुरू केले. पुण्यात बनलेल्या गेमची नायिका सर्कशीतली आहे, यात किती जीव भरता आला असता! सर्कस मात्र सुरुवातीच्या प्रसंगापुरतीच उरते. ही तक्रार मराठी समीक्षकच करू शकला असता.

निकालाचा उपयोग

या कठोर परीक्षणांनी ‘राजी’ बुडाला का? नाही. २०२२मध्ये एनहान्स्ड एडिशन आलं. मारामारी आणि हालचाली सुधारल्या, कॅमेऱ्यावर काम झालं आणि पात्रं हिंदीत बोलू लागली. दुर्गेचा हिंदी आवाज ऐकल्यावर मी इंग्रजीकडे परत गेलो नाही. ज्या जागा समीक्षकांनी दाखवल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच जागी हात फिरला. ‘पुण्याची मान उंचावली’ या बातमीने गेममधलं काहीच सुधारलं नसतं.

आमच्या कामात याची रोज प्रचिती येते. माझ्या कोडवर कोणी नुसतं ‘छान’ लिहून मंजुरी दिली की मला धडकी भरते, कारण त्याने ते वाचलेलंच नसतं. बारा शेरे मारणाऱ्याने प्रत्येक ओळ वाचलेली असते.

फ्लॅट विकून बनवलेल्या गेमला दया दाखवावी असं वाटणं साहजिक आहे. पण घर विकणाऱ्याने ते दयेसाठी विकलेलं नसतं. आपण बनवलेलं कोणीतरी शेवटपर्यंत खेळावं आणि खरं सांगावं, यासाठी विकलेलं असतं. परक्यांनी ते केलं. शेजाऱ्यांनीही करायला हवं, आणि शेजाऱ्यांना दिसतं ते परक्यांना दिसत नाही.

गुण देऊ नका, सरासरी काढू नका. पुण्यातला, मुंबईतला, गोव्यातला एखादा छोटा गेम पैसे देऊन घ्या, पूर्ण खेळा आणि मराठीत दहा ओळी लिहा. यात हातांना काय करावं लागतं, कुठे आपण पात्र झालो आणि कुठे परत खुर्चीत येऊन पडलो, ते सांगा. चांगलं असेल तर का चांगलं, फसलं असेल तर कोणत्या जागी फसलं. बनवणारा कदाचित दोन पेठा पलीकडेच राहत असेल, आणि त्याचा पुढचा गेम अजून बनायचा असेल.