मंजिरा वन्यजीव अभयारण्य

मंजिरा वन्यजीव अभयारण्य : तेलंगणाच्या संगारेड्डी जिल्ह्यात मंजिरा नदीच्या पात्रावर असलेले, मुख्यतः मगरींसाठी राखलेले संरक्षित क्षेत्र. क्षेत्रफळ सुमारे २० चौ. किमी.; स्थापना १९७८. वरच्या अंगाचे सिंगूर धरण आणि कलबगूर गावाजवळचा मंजिरा बंधारा यांच्यामधला सुमारे ३६ किमी. लांबीचा पट्टा अभयारण्यात मोडतो. हैदराबाद–सिकंदराबाद या जुळ्या शहरांच्या वायव्येस सुमारे ६० किमी.वर आणि संगारेड्डी या जिल्ह्याच्या गावापासून अगदी जवळ ते आहे. अभयारण्य म्हटले की डोळ्यांसमोर येणारे रान येथे नाही. आहे ते पाणी, पाण्यातली बेटे, काठची दलदल आणि बाभळी. २० चौ. किमी. हा आकडाही लहान वाटतो, पण तो नदीच्या कडेने लांबट पसरलेला असल्यामुळे काठाची लांबी मोठी भरते. आणि पाण्यातल्या जिवांना काठच लागतो.

तेलुगू मुलखात जिला मंजिरा म्हणतात ती मराठवाड्याची मांजरा. बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात ती उगम पावते. बीड, धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतून वाट काढत ती कर्नाटकात बीदरकडे उतरते आणि मग तेलंगणात शिरते. तेरणा, तावरजा, घरणी या लातूरकरांच्या ओळखीच्या नद्या वाटेत तिला मिळतात. आग्नेयेला चालत आलेली ही नदी संगारेड्डीजवळ एकदम वळते आणि उत्तरेची वाट धरते. मेदक आणि निजामसागर मागे टाकल्यावर नांदेड जिल्ह्याच्या कडेने पुन्हा काही अंतर महाराष्ट्राला घासून ती वाहते व कंदकुर्ती येथे गोदावरीला मिळते. एकूण लांबी ७२४ किमी., खोरे सुमारे ३०,८०० चौ. किमी. नावाचा मांजराशी काही संबंध नाही, शाळकरी पोरांनी कितीही विनोद केले तरी. संस्कृतात मंजीर म्हणजे पैंजण. अभयारण्य नेमके त्या वळणाच्या वरच्या अंगाला आहे. म्हणजे येथे साठणारे बहुतेक पाणी मराठवाडा आणि बीदर यांच्या हातून सुटून आलेले असते. या अभयारण्याचे सुखदुःख समजायला एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

पाणी आधी आले, मगर नंतर. सिकंदरजाह या निजामाच्या नावाने १८०६ मध्ये छावणीच्या वस्तीला सिकंदराबाद हे नाव मिळाले, तेव्हा दोन्ही शहरांची तहान तलाव आणि विहिरींवर भागत होती. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) बांधले गेले, आणि पुढची तीन-चार दशके त्यांवर निभावली. शहर वाढले तसे डोळे मंजिरेकडे वळले. कलबगूरच्या बंधाऱ्यातून १९६५ मध्ये जुळ्या शहरांना पाणी मिळू लागले, दुसरा टप्पा १९८१ मध्ये आला. बंधाऱ्याची साठवण जेमतेम दीड टीएमसी (अब्ज घनफूट); म्हणून वरच्या अंगाला सिंगूर येथे सुमारे ३० टीएमसीचे मोठे धरण झाले आणि १९९० नंतरचे दोन टप्पे त्याच्या जोरावर पुरे झाले. सिंगूरच्या साठ्यातले ४ टीएमसी पाणी हैदराबादच्या पिण्यासाठी ठरलेले आहे. महाराष्ट्र, कर्नाटक आणि त्या वेळचा आंध्र प्रदेश यांच्यातली ही वाटणी गोदावरी पाणी तंटा लवादाच्या १९८० च्या निवाड्यात नोंदली गेली. त्या वाटणीत मगरीच्या नावे वेगळा हिस्सा नाही. शहराचे पाणी शहराकडे जाईपर्यंत जिथे थांबते, तिथे ती राहते.

पिण्याच्या पाण्याचा साठा म्हटला की तेथे माणसांची वर्दळ नको, मासेमारीवर बंधने हवीत, गुरे धुणे नको, सांडपाणी नको. मगरीला हवे ते सारे नेमके हेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीला पहिल्या अनुसूचीत जागा दिली. तोवर कातड्यासाठीच्या शिकारीने आणि अंड्यांच्या चोरीने ती देशभर विरळ झाली होती. १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या व अन्न आणि शेती संघटनेच्या मदतीने भारताने मगर संवर्धनाची योजना हाती घेतली. पद्धत साधी होती. नदीकाठची अंडी गोळा करायची, उबवायची, पिले सुमारे सव्वा मीटर लांबीची होईपर्यंत हौदांत वाढवायची आणि मग सुरक्षित पाण्यात सोडायची. मगरींचे प्रजनन व व्यवस्थापन शिकवणारी मध्यवर्ती संस्था हैदराबादेतच होती. सोडायला सुरक्षित पाणी शोधणाऱ्यांना शहरापासून दोन तासांच्या आत, पाणीपुरवठ्याच्या कारणाने आधीच राखलेला जलाशय मिळाला. त्याच वर्षी, १९७८ मध्ये, गोदावरीवर मंथनीजवळ शिवराम हे आणखी एक मगरींचे अभयारण्य जाहीर झाले. मंजिरेवर थोड्या मगरी मुळातच होत्या. त्यांत वाढवलेल्यांची भर पडली आणि आज येथील संख्या शेकड्यांत मोजली जाते. वाघाच्या कौतुकात ही यशाची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

येथे असलेली जात ती दलदलीतली मगर; शास्त्रीय नाव क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस, तेलुगूत मोसलि. मराठीत मगर आणि सुसर हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, कृष्णाकाठी तर मगरीलाच सुसर म्हणणारे पुष्कळ. काटेकोर बोलायचे तर लांब, चिंचोळ्या जबड्याची आणि मासळीवर जगणारी ती सुसर म्हणजे घडियाल. ती मंजिरेत नाही. येथील मगर रुंद तोंडाची, पूर्ण वाढीची तीन-चार मीटर लांब, आणि मासे, कासव, पाणपक्षी, काठावर आलेले जनावर यांपैकी जे मिळेल ते खाणारी. हिवाळ्याच्या सकाळी बेटाच्या उतारावर ती जबडा उघडा टाकून पडलेली असते. पाहणाऱ्याला तो धाक वाटतो. खरे तर अंगातली उष्णता ती तोंडावाटे बाहेर टाकत असते.

बेटे एकूण नऊ. काही नावे सांगण्यासारखी आहेत : पुट्टीगड्डा, कर्णमगड्डा, बापनगड्डा. तेलुगूत गड्डा म्हणजे उंचवट्याची जमीन. पुट्टी म्हणजे टोपलीसारखी गोल नाव, आणि धान्याचे एक जुने मापही. कर्णम म्हणजे आपल्याकडचा कुलकर्णी आणि बापन म्हणजे भट. गावगाड्यातले मानकरी असे पाण्यात जाऊन बसले आहेत आणि त्यांच्या अंगणात मगरी अंडी घालतात.

अंडी घालण्याचा काळ फेब्रुवारी ते एप्रिल. मादी रात्री पाण्यापासून थोड्या उंचीवर मागच्या पायांनी खड्डा उकरते, साधारण २५ ते ३० अंडी घालून माती लोटते आणि आसपास राहते. उबवण्याचे काम जमीन करते. खड्ड्यातल्या तापमानावर पिलाचे लिंग ठरते. सुमारे ३२ अंशांच्या आगेमागे नर जास्त निपजतात, त्याहून थंड किंवा जास्त तापलेल्या खड्ड्यात माद्या. दोन महिन्यांनी, मृगाच्या पावसाच्या थोडे आधी, जमिनीखालून कुंईकुंई आवाज येऊ लागतो. आवाज ऐकून मादी येते, तीच माती आता पुढच्या पायांनी हलक्या हाताने बाजूला करते, अडकलेले अंडे जिभेवर घेऊन टाळूशी दाबून फोडते आणि वीतभर लांबीची पिले जबड्यात भरून पाण्यात नेते. एरवी हाड मोडणारा तोच जबडा.

ही सारी उठाठेव बेटावर होते, कारण बेटावर कुत्री, कोल्ही, मुंगूस आणि माणूस सहज पोहोचत नाहीत. पाणी उतरले की मात्र बेट बेट राहत नाही. गाळाची वाट उघडी पडते, गुरे चरायला जातात, त्यांच्यामागे कुत्री. कोवळ्या गाळावर कुणी भाजीपाला लावतो. घोरपडीला तर वाट लागतच नाही. उलट बाजूनेही धोका असतो. मादीने एप्रिलमधल्या पातळीच्या हिशेबाने खड्डा केला आणि नंतर वरून पाणी सोडले, तर खालचे खड्डे बुडतात. पाण्याची पातळी शहराच्या गरजेने वरखाली होते. मादीला त्याचे वेळापत्रक कळवायची सोय नाही. संवर्धनाचे काम येथे कुंपणापेक्षा धरणाच्या दरवाजांच्या चाव्यांवर अधिक अवलंबून आहे.

पक्ष्यांच्या दृष्टीने जलाशय हिवाळ्यात भरात असतो. तलवार बदके, चक्रवाक, पट्टकादंब हंस आणि कांड्या करकोचे उत्तरेकडून येतात. चित्रबलाक, मुग्धबलाक, बगळे, पाणकावळे, तिरंदाज, कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या व नदी सुरय हे इकडचेच. सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा बंधारा नव्हता आणि एवढा मोठा उथळ पाणथळ भागही नव्हता. बदकांची ही गर्दी धरणानंतरची. महाराष्ट्रातील नांदूर मधमेश्वर किंवा जायकवाडी यांची गोष्टही अशीच : बांध पाटबंधाऱ्यासाठी घातला, घर पाखरांना मिळाले.

पाण्यात रोहू, कटला, शिवडा आणि मरळ. मरळ, तेलुगूत कोर्रमीनु, ही तेलंगणाची राज्य-मासळी. मृग नक्षत्र लागताच हैदराबादेत दम्याच्या रोग्यांना औषध तोंडात भरलेली जिवंत मासळी गिळायला देतात ती बहुधा हीच, इवल्या आकाराची. पाठीची ढाल मऊ असलेली कासवेही आहेत. काठाला पाणकणसाची दाटी, बेशरमाची झुडपे आणि बाभूळ. बाभळीवर बगळ्यांची वसाहत आणि खाली पडलेल्या पिलाची वाट पाहणारी मगर, हे चित्र येथे नवलाचे नाही.

२०१५-१६ च्या दुष्काळाने या अभयारण्याचे नदीशी असलेले नाते उघडे केले. सिंगूर आणि मंजिरा दोन्ही आटले, शहराचा तिकडचा पुरवठा थांबला आणि जलाशयाचा तळ उघडा पडला. त्याच उन्हाळ्यात वरच्या अंगाला धनेगावचे मांजरा धरण कोरडे होते आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी पाच लाख लिटर घेऊन पोहोचली. मिरजेचे पाणी कृष्णेचे. हैदराबादही तेव्हा कृष्णेवर आणि नुकत्याच आणलेल्या गोदावरीच्या पाण्यावर तगले. म्हणजे मांजरेच्या वरच्या टोकाचे शहर आणि खालच्या टोकाचे महानगर, दोघांनीही त्या वर्षी कृष्णेची ओंजळ घेतली. मगरींसाठी गाडी कुठून येणार? उरलेली डबकी आणि काठातली बिळे हेच त्यांचे आसरे. उन्हाळ्यात बिळात पडून राहण्याची सवय या जातीला असते, तीच कामी येते. त्या वर्षीच्या परतीच्या पावसाने मांजरा धरण भरले, सिंगूरचे दरवाजे उघडले आणि बेटे पुन्हा बेटे झाली.

शहराला दूरचे पाणी मिळाल्यापासून मंजिरेवरचा भार हलका झाला हे खरे, पण तिच्याविषयीची काळजीही तेवढीच हलकी होण्याचे भय आहे. ज्या पाण्याला शहर आपले पिण्याचे पाणी समजते, तेच ते राखते. खालच्या अंगाला काय होते याचा नमुना जवळच आहे : पाटनचेरूच्या कारखान्यांची घाण नक्कावागू ओढ्याने मंजिरेत उतरत राहिली आणि ते प्रकरण १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ओढा बंधाऱ्याच्या खाली नदीला मिळतो म्हणून अभयारण्य वाचले.

बंधाऱ्याजवळ वनखात्याचे निसर्ग शिक्षण केंद्र आहे. सोलापूर–हैदराबाद महामार्ग संगारेड्डीवरून जातो. उमरगा–जहीराबाद मार्गे येणाऱ्याने तेथे वाट वाकडी केली की पुरे. रेल्वेने येणाऱ्यास सिकंदराबाद किंवा लिंगमपल्ली सोयीचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध हा पाहण्याचा काळ. त्यानंतर मगरींचा विणीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा बेटांकडे फिरकू नये. पहाटे पोहोचायची घाई करू नये, दुर्बीण मात्र विसरू नये : थंडीत ऊन चांगले तापून नऊ-साडेनऊ झाल्याखेरीज मगर पाण्याबाहेर येत नाही.