संगणकाचा पुनरारंभ आणि फर्मवेअरची ग्वाही

संगणक पुन्हा सुरू करण्याची आज्ञा वापरणाऱ्यास किरकोळ वाटते. परंतु ती प्रत्यक्षात कोणत्या मार्गाने पार पाडावयाची, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णीत होता. १९८४ साली आयबीएमने आणलेल्या ‘पीसी एटी’ या यंत्रातील ८०२८६ प्रोसेसर एकदा संरक्षित अवस्थेत शिरला की रीसेट झाल्यावाचून मूळ अवस्थेत परतू शकत नसे. म्हणून रीसेटची तार कळफलकाच्या नियंत्रकास जोडण्यात आली. त्याला ठराविक आज्ञा धाडली की प्रोसेसर पुन्हा प्रारंभापासून चालू लागे. कळफलकाचा आणि पुनरारंभाचा तात्त्विक संबंध काहीच नाही. तथापि ही तात्पुरती सोय रूढ झाली व टिकली.

एसीपीआय ही संहिता इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीत या प्रकारास शिस्त लावण्याचा प्रयत्न दिसतो. फर्मवेअरने ‘एफएडीटी’ या कोष्टकात रीसेट रजिस्टरचा पत्ता व त्यात लिहावयाचे मूल्य द्यावे, आणि ही सोय उपलब्ध आहे की नाही हे दहा क्रमांकाच्या बिटाने सांगावे, असा दंडक तिने घातला. कार्यप्रणालीने आधी तो बिट पाहावयाचा. तो १ असेल तरच रजिस्टरकडे वळावयाचे.

ग्वाही कागदोपत्री चोख होती, व्यवहार मात्र निराळा होता. काही यंत्रे एका मार्गास दाद देत, तर दुसऱ्या मार्गाने जाताच अर्ध्यावर थिजून राहत. दूरच्या सर्व्हरच्या बाबतीत याचा अर्थ कोणीतरी तेथवर जाऊन बटण दाबणे असा होई. लिनक्सच्या कर्त्यांनी अशा यंत्रांची नावनिशीवार अपवादसूची ठेवली आणि ती वाढतच गेली. २०११ साली मॅथ्यू गॅरेट यांनी वेगळी दिशा धरली. उत्पादक आपले यंत्र संहितेशी नव्हे, तर विंडोजशी ताडून पाहतात; तेव्हा विंडोज काय करते तेच पाहणे इष्ट. तिचा क्रम असा आढळला: बिट अनुकूल असल्यास रजिस्टर, मग कळफलकाचा नियंत्रक, पुन्हा रजिस्टर, पुन्हा नियंत्रक. लिनक्सने हाच क्रम स्वीकारला. रजिस्टरची बिटरुंदीही तपासावी, असे संहिता सांगते. विंडोज तिकडे दुर्लक्ष करते म्हणून लिनक्सनेही ती तपासणी सोडली, आणि सोडण्याचे कारण आपल्या मूळ आज्ञावलीतच टीप देऊन नोंदविले. व्याकरणाहून प्रयोग बलवत्तर ठरल्याची इतकी उघड कबुली शास्त्रीय लेखनात क्वचितच मिळते.

अपवादसूची मात्र त्यानंतरही नाहीशी झाली नाही.