गायीचे पैसे आणि गाडीची पत



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटात एक अर्ज आला. एका सभासद ताईला जुनी सँट्रो घ्यायची होती. मुलगा गाडी चालवतो, बाजाराच्या दिवशी आणि दवाखान्यासाठी भाडी मिळतात, असा हिशेब होता. कर्ज द्यायला कुणाची ना नव्हती. पण एका मावशींनी विचारलं, "ही कंपनी आहे कुठली? कोरियाची ना? मग टिकेल का?" दुसरी म्हणाली, "अगं, एसी बघ तिचा, गार हवा कशी येते." तिसरी म्हणाली, "पार्ट महाग पडतात म्हणे." गाडी सगळ्यांच्या ओळखीची होती, पण कंपनीबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं. तेव्हा आम्ही ठरवलं की आजचं भाषण ह्युंदाईवर करायचं. वाचता वाचता लक्षात आलं, ही सगळी गोष्ट उधारीची आणि पतीची आहे. म्हणजे आपल्या ओळखीचीच.

या गोष्टीची सुरुवात एका शेतकऱ्याच्या घरात होते. चुंग जू-युंग यांचा जन्म १९१५ चा, आसान नावाच्या खेड्यातला. ते गाव आज उत्तर कोरियात आहे. तेव्हा कोरिया एकच होता आणि त्यावर जपानचं राज्य होतं. घरात भावंडं बरीच, हा थोरला, आणि जमीन पोटापुरतीही पिकत नव्हती. थोरल्यानं शेती करायची हे ठरलेलंच. पोराला ते नको होतं. तो घरातून अनेकदा पळाला. एकदा तर वडिलांनी गाय विकून आणलेले सत्तर वॉन घेऊन पळाला. शहरात जाऊन हिशेब लिहायला शिकायचं होतं. वडील शोधत शोधत सेऊलला गेले आणि त्याला परत घेऊन आले. गाय विकलेल्या घरात त्या वर्षी काय झालं असेल, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

पुढच्या वेळी पळाला तो मात्र टिकला. आधी बांधकामावर मजुरी केली, मग सेऊलमध्ये तांदळाच्या दुकानात कामाला लागला. सायकलवरून गिऱ्हाइकांच्या घरी पोती पोचवायची, दुकान झाडायचं, वही नीट ठेवायची. मालकाचा स्वतःचा मुलगा उडाणटप्पू होता. काही वर्षांनी मालकानं दुकान या नोकराच्याच हातात दिलं. पण युद्धाच्या धामधुमीत जपानी सरकारनं १९३९ मध्ये तांदळावर रेशन लावलं आणि दुकान बंद पडलं.

१९४० मध्ये त्यांनी उधारीवर गाड्या दुरुस्तीचं गॅरेज घेतलं. थोड्याच दिवसांत गॅरेजला आग लागली. स्वतःचं जळालं ते जळालंच, दुरुस्तीला आलेल्या लोकांच्या गाड्याही जळाल्या. आता पहिलं कर्ज आणि वर ही भरपाई! ते ज्या सावकाराकडून पैसे घेतले होते त्याच्याचकडे परत गेले आणि म्हणाले, आता हात आखडलात तर आधीचेही बुडतील, अजून थोडे द्या. आणि सावकारानं दिले, तेही तारण न घेता.

आमच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा जरा वाद झाला. असं दुसरं कर्ज आपण दिलं असतं का? काही जणी म्हणाल्या, छे, नियमात बसत नाही. काही म्हणाल्या, माणूस बघून दिलं असतं. आमचं मत दुसऱ्या बाजूचं आहे, पण ते सांगणं सोपं, सही करणं अवघड. त्या माणसानं दुसरं गॅरेज उभं केलं. बाकीचे गॅरेजवाले जे काम आठवडाआठवडा रेंगाळत ठेवायचे, ते यांनी दोन-चार दिवसांत करून द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक चार पैसे जास्त द्यायला तयार झालं. कर्ज फिटलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. देश स्वतंत्र झाल्यावर १९४६ मध्ये 'ह्युंदाई' या नावानं गॅरेज निघालं. कोरियन भाषेत ह्युंदाई म्हणजे आधुनिक. मग बांधकाम कंपनी आली, रस्ते आणि पूल आले, आणि १९६७ मध्ये मोटार कंपनी. ती चुंग यांचे धाकटे भाऊ चुंग से-युंग सांभाळायचे. सुरुवातीला फोर्डची कॉर्टिना गाडी नुसती जोडून विकायचे. कोरियातले रस्ते तेव्हा बहुतेक कच्चे. खड्ड्यांत आणि धुळीत ती गाडी सारखी बिघडायची आणि घेणारे चिडायचे. मग स्वतःची गाडी करायचं ठरलं. आकार इटलीच्या जुजारोकडून घेतला, इंजिन जपानच्या मित्सुबिशीचं, कारखाना उभारायला इंग्लंडमधले जॉर्ज टर्नबुल. १९७५ च्या अखेरीला उल्सानच्या कारखान्यात 'पोनी' तयार होऊ लागली. कोरियाची ही पहिली स्वतःची मोटार. सगळं उसनं होतं, पण नाव आपलं होतं.

आता येते पत घालवण्याची गोष्ट.

१९८६ मध्ये ह्युंदाईनं अमेरिकेत 'एक्सेल' नावाची छोटी गाडी नेली. किंमत पाच हजार डॉलरच्या आत. तिथे इतकी स्वस्त नवी गाडी मिळणं कठीण होतं. पहिल्याच वर्षी १ लाख ६८ हजार ८८२ गाड्या खपल्या. परदेशी कंपनीनं पहिल्या वर्षात एवढ्या गाड्या विकणं हा तिथे विक्रम होता. पण दोन-तीन वर्षांत गाड्या कुरकुरायला लागल्या. गंज, बिघाड, तुटणारे भाग. विकायला काढली तर कुणी विचारेना. टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रम करणारे या गाडीवर विनोद करू लागले. गाडीचं नाव घेतलं की लोक हसायचे. खप उतरत उतरत १९९८ पर्यंत वर्षाला नव्वद हजारांच्या आसपास आला.

त्याच १९९८ सालात इतक्या गोष्टी घडल्या की आम्हाला हेच साल जास्त महत्त्वाचं वाटतं.

आदल्या वर्षाच्या अखेरीला कोरियाची तिजोरी रिकामी झाली होती. परदेशी कर्ज फेडायला डॉलर नव्हते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून पैसे घ्यावे लागले. तेव्हा लोकांनी घरातलं सोनं देशाला द्यायची मोहीम काढली. पस्तीस लाखांच्या आसपास लोकांनी मिळून सव्वादोनशे टन सोनं दिलं. लग्नातल्या अंगठ्या आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या अंगठ्या रांगेत उभं राहून दिल्या. ते सोनं बहुतेक बायकांच्या पेटीतलं होतं, हे आम्ही वेगळं सांगत नाही. सरकारनं त्याचे पैसे दिले, पण ती अंगठी परत येत नाही.

गाड्या खपेनात. उल्सानच्या कारखान्यात ह्युंदाईनं हजारो कामगार कमी करायचं ठरवलं. उन्हाळ्यात छत्तीस दिवस संप चालला. कामगार कारखान्यातच मुक्काम ठोकून होते, बायका-मुलंही तंबूत येऊन राहिली होती. एवढ्या माणसांना जेवू कोण घालत होतं? कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बायका. त्या स्वतः संपात होत्या आणि संपकऱ्यांचा भातही शिजवत होत्या. ऑगस्टच्या अखेरीस कंपनी आणि युनियन यांच्यात तडजोड झाली. हजारोंच्या ऐवजी २७७ जणांनाच काढायचं ठरलं. त्या २७७ मध्ये १४४ जणी या कॅन्टीनमधल्या बायका होत्या.

यादीवर युनियनचीही सही होती. नंतर कॅन्टीन कंत्राटी झालं आणि तोच भात कमी पगारात शिजवायला त्यातल्या बऱ्याच जणींना परत यावं लागलं. त्या पुढे लढल्याही. त्यांच्यावर एक माहितीपट निघाला, त्याच्या नावाचा अर्थ 'भात, फूल, मेंढरू'. म्हणजे आधी भात शिजवणाऱ्या, मग लढ्याचं फूल म्हणून मिरवलेल्या आणि शेवटी बळी दिलेल्या. गाडीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण हे पान उलटून पुढे जातात. आम्ही जाणार नव्हतो.

आणि याच वर्षी म्हाताऱ्या चुंग यांनी गायीचं कर्ज फेडलं. जूनमध्ये ते पाचशे गायी-गुरं ट्रकांत भरून सीमेपलीकडे उत्तर कोरियात घेऊन गेले. ऐंशी वर्षं उलटून गेलेला माणूस, ज्या सीमेवर बंदुका रोखलेल्या असतात तिथून गुरांसकट पायी पलीकडे गेला. ऑक्टोबरमध्ये पुन्हा पाचशे एक नेली. एकूण हजार एक. वडिलांच्या एका गायीचे पैसे घेऊन पळालो, त्याचं हे व्याजासकट देणं, असं ते म्हणत. आम्हाला ही गोष्ट आवडते. पण जूनच्या त्या गायी आणि ऑगस्टमधल्या त्या १४४ जणी एकाच उन्हाळ्यातल्या आहेत, हेही विसरता येत नाही. चुंग २००१ मध्ये वारले.

पत परत मिळवायची युक्तीही त्याच वर्षाच्या शेवटी निघाली. ह्युंदाईनं अमेरिकेत जाहीर केलं, इंजिन आणि गिअरबॉक्सची दहा वर्षं किंवा एक लाख मैल, म्हणजे साधारण एक लाख साठ हजार किलोमीटरपर्यंत हमी. बाकीच्या कंपन्या याच्या निम्मीसुद्धा क्वचित देत. लोक म्हणाले, कंपनी बुडणार. बरोबरच होतं, गाड्या पूर्वीसारख्या बिघडल्या असत्या तर दुरुस्तीतच बुडाली असती. म्हणून आधी कारखान्यातली गाडी सुधारणं भाग पडलं. नवे अध्यक्ष, चुंग यांचे चिरंजीव मोंग-कू, यांनी आधी दुरुस्ती-सेवेचा विभाग सांभाळलेला. तक्रारी घेऊन येणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांनी गुणवत्ता तपासणाऱ्यांच्या हातात जास्त अधिकार दिले. २००६ मध्ये अमेरिकेतल्या जे. डी. पॉवर संस्थेच्या नव्या गाड्यांच्या पाहणीत ह्युंदाईचा तिसरा नंबर आला, पोर्श आणि लेक्सस या महागड्या गाड्यांच्या खालोखाल. हसणारे गप्प झाले.

एक बारीक गोष्ट मात्र ऐकून ठेवा. ती दहा वर्षांची हमी पहिल्या मालकालाच होती. गाडी विकली की दुसऱ्याला कमी मुदत. कागदावरचा बारीक मजकूर सगळीकडे सारखाच.

आणि पत एकदा मिळाली की कायमची मिळते असंही नाही. २०१५ पासून अमेरिकेत ह्युंदाईला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. काही इंजिनांत तयार करतानाच धातूचा कीस राहून गेला होता. तेलाचा रस्ता अडायचा आणि चालत्या गाडीचं इंजिन जाम व्हायचं. कंपनी हे पुरतं सांगत नाही, असं तिच्याच एका अभियंत्यानं, किम ग्वांग-हो यांनी, अमेरिकन सरकारला जाऊन सांगितलं. त्यांची नोकरी गेली. २०२० मध्ये ह्युंदाई आणि तिच्या ताब्यातल्या किया कंपनीवर दंडाची कारवाई झाली, आणि पुढच्या वर्षी अमेरिकन सरकारनं किम यांना दोन कोटी चाळीस लाख डॉलरहून जास्त बक्षीस दिलं.

आता आपल्याकडे. ह्युंदाई भारतात १९९६ मध्ये आली आणि तमिळनाडूत श्रीपेरुंबुदुरजवळ कारखाना घातला. सप्टेंबर १९९८ मध्ये, म्हणजे पुन्हा त्याच साली, सँट्रो बाजारात आली. शाहरुख खानची जाहिरात आठवत असेल. उंच टपामुळे लोक आधी हसले. पण साडी नेसून चढता-उतरता येतं, डोकं वाकवावं लागत नाही, हे बायकांना लगेच कळलं. त्याच सुमारास देवू ही दुसरी कोरियन कंपनी मॅटिझ घेऊन आली होती. देवू पुढे बुडाली आणि मॅटिझवाल्यांना सुट्या भागांसाठी वणवण करावी लागली. ह्युंदाई टिकली, म्हणून सँट्रोला आजही गिऱ्हाईक आहे. चालवणारे सांगतात, स्टेअरिंग हलकं, एसी चांगला, पण भाग मारुतीपेक्षा महाग पडतात आणि पत्रा पातळ वाटतो. सुरक्षेचं म्हणाल तर ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत २०१४ मध्ये आय-टेनला शून्य तारे मिळाले होते. २०२३ मध्ये व्हर्नाला पाच मिळाले आणि त्याच वर्षी सगळ्या गाड्यांत सहा एअरबॅग देऊ असं कंपनीनं जाहीर केलं. जुनी घेताना हे वर्षांचं अंतर ध्यानात ठेवावं लागतं.

महाराष्ट्रात ह्युंदाई उशिरा आली. पुण्याजवळ तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना होता. तिथे शेवरोले स्पार्क बनायची, ती मुळात देवूच्या मॅटिझचीच पुढची पिढी. २०२० च्या डिसेंबरात तो बंद पडला आणि हजाराहून अधिक कामगार कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. तोच कारखाना ह्युंदाईनं घेतला आणि २०२५ मध्ये तिथून तिच्या गाड्या बाहेर पडू लागल्या.

आमच्या ताईचा अर्ज मंजूर झाला. अट अशी घातली की पैसे देण्याआधी गाडी ओळखीच्या मेकॅनिकला दाखवायची, सर्व्हिसची वही मागायची, आणि चासी नंबर घेऊन अधिकृत सेंटरला विचारायचं की या गाडीचं कंपनीनं परत बोलावून करायचं काही काम राहिलंय का. हप्ता दर महिन्याच्या दहा तारखेला. पहिला हप्ता वेळेवर आला आहे.