कित्ता आणि स्फटिक

सोनारीच्या शाळेंत मीं मुलांचें अक्षर वळविलें तें कित्त्यावर. कित्त्यावर पातळ कागद ठेवावा, आंतलें अक्षर गिरवावें, आणि कागद उचलून घ्यावा. कित्ता पुढच्या मुलासाठीं जशाचा तसा राही.

स्फटिकांची गोष्टही अशीच आहे. १८३६ सालीं फ्रांकेनहाइम या जर्मन शास्त्रज्ञानें कॅल्साइटच्या पृष्ठावर सोडियम नायट्रेटचे स्फटिक वाढविले. खालच्या अणूंचें वळण वरच्यांनीं उचललें. १९२८ सालीं र्‍वाये यांनीं या क्रियेस ‘एपिटॅक्सी’ हें नांव दिलें. पुढें अर्धवाहकांचे थर याच रीतीनें वाढवूं लागले. परंतु वरचा थर खालच्या तबकडीस जखडला जाई. अणूंचीं अंतरें जुळलीं नाहींत तर स्फटिकांत दोष शिरत, आणि महाग तबकडी त्याच कामीं अडकून पडे.

१९८४ सालीं जपानांत कोमा यांनीं दाखविलें कीं, सैल बांधणीच्या पापुद्र्यावर अंतरें न जुळतांही स्फटिक वाढतो. २००४ सालीं ग्रॅफीन, म्हणजे एका अणूच्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा, मँचेस्टर येथें वेगळा काढण्यांत आला. २०१७ सालीं अमेरिकेंत जीह्वान किम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो गॅलियम आर्सेनाइडच्या तबकडीवर पसरला आणि वर तेंच द्रव्य वाढविलें. पापुद्र्याआडूनही खालचें वळण वर उमटलें, थर अलगद सोलून निघाला, आणि तीच तबकडी पुन्हां वापरण्याची वाट मोकळी झाली. पापुद्र्यांची जाडी वाढली, तर मात्र वळण उमटत नाहीं.

कागद जाड असला, तर अक्षर दिसत नाहीं. मुळींच नसला, तर कित्ता खराब होतो. माझ्या मुलांना हें ठाऊक होतें.