मुके झालेले दप्तर

न्यायालयात जुना दस्तऐवज हजर केला म्हणजे काम भागत नाही. त्याची लिपी जाणणाराही उभा करावा लागतो. तो न मिळाला, तर असलेला कागद नसल्यातच जमा होतो. वकिलीच्या व्यवसायात आम्हांस ही गोष्ट पदोपदी जाणवते. अमेरिकेतील एका चुंबकीय फितींच्या दप्तराची हकीकत म्हणूनच आम्हांस फार जवळची वाटते.

१९६६ व १९६७ या वर्षांत नासा या संस्थेने 'लूनर ऑर्बिटर' मालिकेतील पाच याने चंद्राकडे धाडली. मनुष्य उतरण्याजोग्या जागा हेरणे हे त्यांचे मुख्य कार्य. फिल्म यानातच धुतली जाई, आणि तिच्यावरील चित्र संदेशरूपाने पृथ्वीवर येई. तो संदेश अँपेक्स कंपनीच्या एफआर-९०० यंत्रांवर, दोन इंच रुंदीच्या फितींत साठविला गेला. चंद्राच्या क्षितिजावर दिसणाऱ्या पृथ्वीचे २३ ऑगस्ट १९६६ चे चित्रही त्यांत होते.

कालांतराने ती यंत्रे वापरातून गेली. उरलेल्या सुमारे १५०० फिती नॅन्सी एव्हान्स या विदुषीने नष्ट होऊ दिल्या नाहीत. एवढेच करून त्या थांबल्या नाहीत. मोडीत निघालेली एफआर-९०० यंत्रेही मिळवून त्यांनी ती वर्षानुवर्षे आपल्या घरच्या गॅरेजमध्ये सांभाळली.

पुढे डेनिस विंगो व कीथ कोविंग यांनी हे काम हाती घेतले. कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स केंद्राच्या आवारात, एका बंद पडलेल्या उपाहारगृहात यंत्रे मांडली गेली. झिजलेले भाग दुरुस्त झाले, फीत फिरू लागली. तरी चित्र उमटेना. यंत्र व संगणक यांच्यामधला दुवाच हरवला होता. वाहक लहरींतून चित्राचा संदेश वेगळा काढणारा डिमॉड्युलेटर नव्याने घडवावा लागला. तो जोडला, तेव्हा कोठे फीत बोलू लागली. नोव्हेंबर २००८ मध्ये पृथ्वीचे ते चित्र पूर्वीपेक्षा कितीतरी सुस्पष्ट होऊन जगापुढे आले.

फिती जपणारे पुष्कळ मिळतील. वाचणारे यंत्र जपण्याची दूरदृष्टी विरळा. आमच्या देवस्थानांत मोडी कागदांचे रुमाल बांधलेले आहेत. ते झाडूनपुसून ठेवणे चांगलेच. परंतु गावातील एखाद्या मुलास मोडी शिकविणे हे त्याहून मोठे जतन होय.