डॉर्टची धर्मसभा : निवड देवाची, निवाडा माणसांचा

‘देवाने काही जणांना तारणासाठी निवडले आहे’ हे ख्रिस्ती मत प्रथम वाचले की त्यात पक्षपाताचा वास येतो. आम्हालाही तो आला होता. हॉलंडमधील डॉर्टच्या धर्मसभेचा इतिहास वाचल्यावर मात्र प्रश्न इतका सरळ नाही, हे ध्यानात आले.

लायडन विद्यापीठातील प्राध्यापक आर्मिनियस यांचे म्हणणे असे, की कोण विश्वास ठेवील हे देव आधीच जाणतो आणि त्यानुसार निवड करतो. त्यांचे सहकारी गोमारुस यांना ते अमान्य होते. विश्वास हे निवडीचे कारण नव्हे, फळ होय. अन्यथा कृपा ही मजुरी ठरेल, असा त्यांचा आक्षेप. १६०९ मध्ये आर्मिनियस वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन सादर केले.

वादात राजकारण मिसळले. स्पेनशी १६०९ मध्ये तह घडवणारे मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट या अनुयायांचे पाठीराखे होते, तर तहाचे विरोधक सेनापती मॉरिस प्रतिपक्षाला मिळाले. ऑगस्ट १६१८ मध्ये मॉरिस यांनी ओल्डनबार्नेव्हेल्टना अटक केली. नोव्हेंबरात धर्मसभा भरली. तिच्यापुढे आर्मिनियसपंथी सभासद म्हणून नव्हे, आरोपी म्हणून उभे राहिले आणि जानेवारीत बाहेर काढले गेले. मे १६१९ मध्ये निर्णय जाहीर झाला. त्याच महिन्याच्या १३ तारखेला, विशेष न्यायालयाच्या निकालानुसार, ७१ वर्षांच्या ओल्डनबार्नेव्हेल्टांचा हेग येथे शिरच्छेद झाला. सुमारे २०० पाळकांची पदे गेली.

आता त्या निर्णयाची कलमे पाहावीत. काहींना वगळले गेल्याची कठोर बाजू त्यांत आहे, ती लपवण्याचे कारण नाही. पण निवडलेला माणूस इतरांहून गुणी नसतो, निवडीचे कारण केवळ देवाची प्रसन्नता, हेही तितकेच ठामपणे सांगितले आहे. ज्यांना मनात खात्री वाटत नाही त्यांनी घाबरू नये, असे एक कलम म्हणते. श्रद्धावंत आईबापांनी बालवयात दगावलेल्या आपल्या लेकरांच्या तारणाविषयी शंका बाळगू नये, असे दुसरे. घराघरांत बालमृत्यू होत असत त्या काळी या वाक्याने किती जणांना धीर दिला असेल!

या सिद्धान्तात अहंकाराला जागा नाही. तरीही निवडीचे गूढ देवाच्या हाती आहे असे मानणाऱ्यांनी प्रतिपक्षाचा निवाडा मात्र देवावर सोपवला नाही. दोष सिद्धान्ताचा की सत्तेचा, याचे उत्तर आम्ही सत्तेच्या बाजूने देऊ. १६२५ मध्ये मॉरिस वारले आणि छळ निवळत गेला. कलमे मात्र तीच राहिली.