टिकलीची भीती आणि मिरवणुकीतला बुलडोझर

गणपती जवळ आले की आपल्या ढोल-ताशांचा सराव सुरू होतो. परक्या देशात आपण रस्त्यावर मोकळेपणाने वाजतगाजत जातो. न्यू जर्सीत हा मोकळेपणा आपल्याला आयता मिळालेला नाही. आज ती गोष्ट ऐकू या.

1987च्या उन्हाळ्यात 'जर्सी जर्नल' या वृत्तपत्रात एक पत्र छापून आलं. लिहिणारे स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवत. 'डॉट' म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरची टिकली. भारतीयांना जर्सी सिटीतून हाकलून लावू, अशी त्यात उघड धमकी होती. साडी नेसून, टिकली लावून बाहेर पडायला बायका घाबरू लागल्या. सप्टेंबरात शेजारच्या होबोकनमध्ये एका टोळक्याने नवरोज मोदी या तरुणाला बेदम मारलं. काही दिवसांत तो गेला. नवरोज पारशी होता. खुनासाठी मात्र कोणीही दोषी ठरलं नाही. भारतीय मंडळी रस्त्यावर उतरली, विद्यार्थी पुढे आले, आणि भीती हळूहळू ओसरली.

11 सप्टेंबर 2001 नंतर चारच दिवसांनी ॲरिझोनातल्या मेसा गावी बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपावर गोळी घातली गेली. पगडी आणि दाढी पाहून मारेकऱ्याने त्यांना मुसलमान समजलं. 'ते मुसलमान नव्हते हो,' असं आपण तेव्हा हळहळून म्हणालो. पण असते तर? तर गोळी योग्य ठरली असती का?

आता 14 ऑगस्ट 2022. त्याच न्यू जर्सीत, एडिसनला भारताच्या स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक निघाली. तिरंगे, गाणी, लहान मुलं, आणि त्यांच्यामध्ये नरेंद्र मोदी आणि योगी आदित्यनाथ यांची चित्रं लावलेला एक बुलडोझर. त्या वर्षी भारतात अनेक मुसलमानांची घरं बुलडोझरने पाडली गेली होती. इथल्या मुस्लिम शेजाऱ्यांना त्याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी आवाज उठवला, आणि त्यांच्याबरोबर इथल्या हिंदूंच्या एका संघटनेनेही. सुरुवातीला बचाव करणाऱ्या आयोजकांनी ऑगस्ट संपता संपता लेखी माफी मागितली. पुढे 2024च्या नोव्हेंबरात भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं, की नोटीस न देता, केवळ आरोपावरून कुणाचं घर पाडता येणार नाही.

ज्यांच्या आयांनी भीतीपोटी टिकली पुसली, त्यांच्या मिरवणुकीत दुसऱ्याला भिववणारी वस्तू शोभत नाही. कोल्हापूरजवळच्या कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो. तोही आपलाच वारसा आहे, तोही मुलांना सांगू या.

यंदा मिरवणुकीची बैठक असेल, तेव्हा ढोल किती, झेंडे किती हे ठरवताना एवढंही विचारा: रस्त्याकडेला उभ्या असलेल्या शेजारणीला हे पाहून हसू येईल, की ती मुलाचा हात घट्ट धरेल? आणि तिला कुणी त्रास दिलाच, तर तिच्या शेजारी जाऊन उभे राहा.